दीड टनाच्या लेथसाठी घरातील जागेची निश्चिती

यंत्र कितीही उत्तम असले तरी ते अयोग्य जागी उभे केल्यास थरथरते, आणि थरथरणाऱ्या यंत्राकडून नेमक्या मापाच्या कामाची अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय. हे सत्य मी शिरूर तालुक्यातील औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे लेथसमोर, म्हणजे लोखंड कातणाऱ्या यंत्रासमोर, उभे राहून आत्मसात केले आहे. (माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले असून दहावीचा विषय येथे अप्रस्तुत आहे.)

गेल्या श्रावणात कंपनीने मला निवृत्त केले व त्याच आठवड्यात माझी लेथ भंगारात काढली. मला शाल व नारळ मिळाला. लेथला काहीच मिळाले नाही, म्हणून तिला मी घेतले. ती टेम्पोतून भीमा ओलांडून वरवंडला आली, हायड्रा क्रेनने तिला अंगणात उतरवले, आणि "तात्पुरती व्यवस्था" म्हणून तिच्यावर निळी ताडपत्री घालण्यात आली.

यवतचे पोपटराव ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी स्पष्ट शब्दांत कळवले, "म्हस्कूराव, दसऱ्याला तुमच्या मशीनला हार पडला, तर हंगामाच्या ट्रॉल्यांच्या सगळ्या पिना कातायचं काम तुमच्याकडं. न्हाई पडला, तर आमी दुसरा माणूस बघतो." या पिनांचे मोल मी जाणून होतो. त्या हुकल्या असत्या, तर "घरी कोण असतं?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून यापुढे कायम माझेच नाव सांगितले जाणार होते.

कारखान्यात यंत्राच्या जागेभोवती पिवळी रेघ मारतात. त्या शिस्तीस अनुसरून मी घराच्या आवारात सात ठिकाणी पिवळ्या चौकटी रंगवल्या व कुटुंबाकडून हरकती मागवल्या. हरकती तत्काळ प्राप्त झाल्या.

गोठा: आवाजाने गायीचे दूध रोजी दोन लिटरने घटेल. (गायीचे मत घेतले नाही.) स्वयंपाकघरामागील बोळ: पत्नी सौ. गिताबाई यांचे निवेदन, "माझ्या भाकरीला तुमच्या ऑइलचा वास आला, तर ती भाकरी तुमच्या मशीनलाच घाला." तुळशीजवळील कोपरा: चुलते म्हाळूआप्पा यांच्या मते ती दिशा लोखंडास वर्ज्य आहे. (त्याच दिशेस त्यांची लोखंडी खुर्ची असते.) मोटारीची जागा: चिरंजीव इंद्रजीत यांनी हरकत नोंदवली नाही, फक्त चौकटीवर मोटार उभी केली. उरलेल्या तीन जागांबाबत घरातील सौहार्द टिकावे म्हणून मी मौन बाळगतो.

नवरात्र बसले तरी लेथ ताडपत्रीखालीच होती. तेव्हा मला एक शास्त्रीय उपाय सुचला. (तो मला सुचला, इतर कोणास नव्हे, याची नोंद घ्यावी.) जी जागा सर्वांत कमी वापरात आहे, तीच यंत्रास द्यावी. मी एक वही केली, "वापर म्हणजे कामासाठी केलेली हालचाल" अशी व्याख्या पहिल्या पानावर लिहिली, आणि सून भाग्यश्री हिला घरातील प्रत्येक जागेपुढे सात दिवस खुणा करण्यास नेमले.

निकाल असा: चूल दोनशे बारा, गोठा चौसष्ट, तुळस एकवीस, मोटारीची जागा चौदा, पडवीतील माझी खाट, दोन. (एकदा कोथिंबीर निवडली गेली. एकदा मांजराने उंदीर धरला.)

मी निदर्शनास आणून दिले की त्या खाटेवर मी दिवसभर असतो.

"असता की, मामा," भाग्यश्री म्हणाली. "पण हे बघा, व्याख्या तुमच्याच अक्षरात हाय."

गिताबाईंनी वही मागितलीदेखील नाही. "मला इचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. सात ठिकाणी रंग कशाला नासला?"

खाट उचलली. फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवली. सगळ्या घराची फरशी येण्याजाण्याने झिजून खोलगट झाली आहे. खाटेखालची मात्र बसवली त्या दिवसाइतकी सपाट निघाली. लेव्हलमधला बुडबुडा मधोमध उभा राहिला. (पाया ओतला की कोणतीही जागा सपाट करता येते, हे मला ठाऊक होते. पण ते उच्चारण्याची ती वेळ नव्हती.) लांबीरुंदीही जुळली. ठराव एकमताने मंजूर झाला. घरात एकमत होण्याचा हा माझ्या हयातीतील पहिलाच प्रसंग.

दसऱ्याला लेथला झेंडूचा हार पडला. पिना आल्या. आता मी रोज आठ तास, जेथे पूर्वी पडत असे, नेमका तेथेच उभा असतो. खाट अंगणात लेथच्या रिकाम्या जागेवर ठेवली आहे. वर तीच निळी ताडपत्री.

काल दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो. म्हाळूआप्पा आले, काठीने ताडपत्रीला टोचत गिताबाईंना म्हणाले, "मशीन तर आत गेलं न्हवं? मग ह्ये काय झाकून ठिवलंय?"

"मी हाय, आप्पा," मी आतून कळवले.

"असू दे, असू दे," आप्पा म्हणाले. "तात्पुरतंच हाय ना?"

वाचकांस आता हसू आले असेल, तर त्यांनी ते पूर्ण करावे. नंतर ज्या खुर्चीत बसून हे वाचत आहात, ती जरा बाजूला सारून खालची फरशी तपासावी. झिजलेली आढळल्यास आपले अभिनंदन. सपाट आढळल्यास वाच्यता न करता खुर्ची पुन्हा त्याच जागी ठेवावी, आणि घरात कोणाच्या हाती मोजमापाची टेप दिसत नाही ना, एवढे पाहावे.