फिल्काचा कोट आणि सैल खुंटी

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा रादोयच्या हातात सूपची बरणी होती. बरणी अजून गरम होती. डॉक्टरीणबाईंनी आधी बरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "सकाळी सहाला. झोपेतच गेल्या."

काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून रादोय म्हणाला, "मग हे सूप?"

रादोय सूप घेऊन घरी आला आणि वाया कशाला घालवायचं म्हणून उभ्या उभ्या पिऊन टाकलं. अळणी होतं. फिल्काला, त्याच्या बायकोला, मीठ बंद होतं.

फिल्काने सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात जोडणी खात्यात काढली होती. घरातला प्रत्येक स्क्रू तिच्या हातचा. रादोयने स्वयंपाक करायचा, तिने इस्त्री, नळ, कुलपं बघायची, अशी वाटणी होती. तिची अवजारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर असायची. आता तो धूळ पुसताना डब्याच्या भोवतीने फडकं फिरवायचा. डब्याला हात लावत नसे.

जाण्याच्या आठवडाभर आधी ती म्हणाली होती, "मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी सगळ्या बायका श्राद्धाचा उकडलेला गहू खात रडत बसतील. तू ते वाजव."

"काय वाजवू?"

"काय म्हणजे? समुद्रावरचं."

पस्तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात रादोय समुद्रकाठी, बुर्गासच्या एका हॉटेलात बास गिटार वाजवायचा. कारखान्याच्या सहलीबरोबर फिल्का तिथे आली होती. एक संथ चाल त्यांचा वाद्यवृंद रोज तीनदा वाजवत असे. तिसऱ्या संध्याकाळी ती थेट वाजवणाऱ्यांपाशी आली आणि त्याला म्हणाली, "अहो, तुमची जाड तार उतरलीय." तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं ते. पुढे लग्न झालं आणि गिटार गेली.

"गिटार कुठाय आता?" रादोयने तिला विचारलं.

"मग घे नवी. आणि जाड तार नीट लाव. मला कळेल."

त्याने हो म्हटलं.

आता अडचण अशी, की ज्या घरात मरण झालं तिथे वर्षभर साधा रेडिओही लावत नाहीत. दारावर काळी फीत, खाली फाटकावर फिल्काचा फोटो असलेलं शोकपत्रक, आणि हा गिटार घेऊन आला तर सगळी इमारत तोंडात शेण घालेल. चौतिसाव्या दिवशी रादोय वाद्यांच्या दुकानात गेला तेव्हा गिटार झाकून आणायला त्याने फिल्काचा लांब काळा कोट बरोबर नेला. चाळिसाव्याला वाटायचे कपडे बाजूला काढून ठेवले होते, त्यातला सगळ्यात लांब तोच होता.

"गिटारची पिशवी पुढच्या महिन्यात येईल," दुकानदार म्हणाला. "तोवर अशीच न्या."

रादोयने चार गिटारींतून एक निवडली, तिला कोट घातला, बटणं लावली. वर खुंट्यांचं डोकं उघडं राहिलं. कोटाच्या खिशात फिल्काचा रुमाल होता, तो डोक्याला बांधला. थंडी होतीच.

लिफ्टचं दार मिटता मिटता शेजारच्या गीनामावशीने त्यांना पाहिलं. रादोयने एका हाताने कंबरेला धरलं होतं.

घरी आल्यावर रादोयने जाड तार लावली. दोन सूर वाजवेपर्यंत ती उतरली. पुन्हा लावली, पुन्हा उतरली. खुंटी हलत होती, पडायला आलेल्या दातासारखी. दुकानाच्या दारावर दुसऱ्या दिवशी पाटी: सुट्टीनिमित्त आठवडाभर बंद.

"अगं, जरा थांब ना जागेवर," तो पिळता पिळता म्हणाला. "किती छळशील?"

भिंत पातळ होती. भिंतीपलीकडे गीनामावशी होती.

सदतिसाव्या दिवशी त्याने जुना मित्र लाझार याला बोलावलं. लाझार पूर्वी ड्रम वाजवायचा आणि आता ऐकू कमी येत असल्यामुळे ओरडून बोलायचा. त्याने बरोबर लाकडाचा गोंद, काडेपेटी आणि राकियाची, फळांच्या दारूची, बाटली आणली.

"मागच्या स्क्रूचं भोक मोठं झालंय!" लाझार ओरडला. "काडी मोडून घालायची, गोंद लावायचा, स्क्रू पिळायचा!"

"पाना वगैरे लागेल का?"

"कशाला? तू दाबून धर! सोडू नकोस!"

दोघांनी काड्या घातल्या. गोंद सुकेपर्यंत खुंटी दबून राहावी म्हणून रुमाल घट्ट गुंडाळला आणि गिटारला गादीवर, फिल्काच्या जागी आडवं केलं. थंडीने नवं लाकूड तडकू नये म्हणून वरून कोट घातला.

तेवढ्यात गीनामावशीने फिल्काच्या थोरल्या बहिणीला, स्पास्काला, गावाला फोन लावला.

"स्पास्का, बाई, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तुझ्या मेहुण्याने बाई आणलीय. उंच, सडपातळ, मान ही एवढी! आणि अंगावर कोट कुणाचा? फिल्काचा! आता तर दुसराही एक आलाय, ओरडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाझार काड्यांचं काय झालं ते बघायला आला होता, तोच स्पास्का गव्हाचं पातेलं पोटाशी धरून दारात उभी राहिली. ती चाळिसाव्याच्या दोन दिवस आधीच आली होती. तिच्या मागे, मीठ मागायच्या निमित्ताने, गीनामावशी.

"कुठाय?" स्पास्का म्हणाली.

रादोयचं तोंड उतरलं. "तुम्हाला कुणी सांगितलं, ताई?"

"सगळ्या इमारतीला ठाऊक आहे! चाळीस दिवस तरी कळ काढायचीस रे!"

"फिल्कानेच सांगितलं होतं."

"फिल्काने?" स्पास्काने पातेलं खाली ठेवलं. "तिने निवडून दिली?"

"निवडली मी. चार होत्या."

"चार!" गीनामावशी म्हणाली आणि भिंतीला टेकली.

"आतल्या खोलीत आहे," रादोय म्हणाला. "पण हात लावू नका. अजून सुकलेलं नाही."

स्पास्काने दार ढकललं. फिल्काच्या उशीवर रुमाल बांधलेलं लांबट लाकडी डोकं होतं, त्याखाली कोट, कोटाखालून चार तारा दिसत होत्या.

"हीच ती," गीनामावशी हळू आवाजात म्हणाली. "कोट बघ."

स्पास्का गादीच्या कडेला बसली. तिचे खांदे हलायला लागले. हसते आहे की रडते आहे ते रादोयला कळेना. मग तिने नाक पुसलं, रुमाल सोडला आणि खुंटी दोन बोटांत धरली. तीही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेली होती.

"ही अजून हलतेय."

"काड्या घातल्या आहेत!" लाझार ओरडला.

"काड्या मागे. सैल पुढचा नट आहे, नुसत्या बोटाने फिरतोय. दहाचा पाना घे आणि अर्धा आटा आवळ. फिल्काचा डबा कुठाय?"

रादोय म्हणाला, "लाझारकडे असेल पाना."

"माझ्याकडे नाही!"

"गीनामावशी, तुमच्याकडे..."

"रादोय," स्पास्का कपाटाकडे बघत म्हणाली. "डबा तिथेच आहे."

"आहे."

"मग?"

"झाकण घट्ट बसतं त्याचं."

"उघडून पाहिलंस?"

"नाही."

शेवटी रादोय स्टुलावर चढला, डबा खाली घेतला आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. मशीनच्या तेलाचा वास आला. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावलेले होते. त्यांच्यावर फिल्काचा चष्मा होता. तो दवाखान्यात हरवला म्हणून रादोय नर्सशी कडाकडा भांडला होता. फिल्का शेवटचे नऊ दिवस चष्म्याशिवाय होती.

त्याने चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला आणि दहाचा पाना घेतला.

"उजवीकडे," स्पास्का म्हणाली.

"माझ्या उजवीकडे?"

"सगळ्यांच्या उजवीकडे, बाबा."

अर्धा आटा. खुंटी घट्ट बसली. रादोयने आयुष्यात आवळलेला हा पहिला नट.

चाळिसाव्या दिवशी टेबलावर गहू होता, बिनमांसाची घेवड्याची उसळ होती, राकिया होती. बायका रडायच्या बेतात आल्या तेव्हा रादोय गिटार घेऊन बसला. एक-दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण स्पास्काने डोळे वटारले आणि त्या गप्प झाल्या. त्याने समुद्रावरची ती चाल वाजवली, हळू, एकट्या बासवर. मध्ये एक सूर चुकला. कुणाच्या लक्षात आला नाही, आणि त्याचंच रादोयला फार वाईट वाटलं. पण जाड तार शेवटपर्यंत उतरली नाही.

पाहुणे निघाले तेव्हा गीनामावशी मागे रेंगाळली.

"छान वाजवलंस हो," ती म्हणाली. "आता कोटाचं काय?"

"कुठल्या कोटाचं?"

"फिल्काने मला कबूल केला होता, इस्टरलाच. मला बाईचं काही वाटलं नव्हतं रे. पुरुषमाणूस, एकटा किती दिवस राहणार? पण म्हटलं, माझा कोट घालून ती बया वापरून खराब करेल."

रादोयने कोटाकडे पाहिलं. तो गिटारच्या अंगावर होता, वरपर्यंत बटणं लावलेला.

"देतो, मावशी," तो म्हणाला. "दुकानातून पिशवी आली की लगेच देतो."

पिशवी डिसेंबरात आली. ती दारामागे खिळ्याला रिकामीच टांगलेली आहे. गीनामावशीला कोट द्यायचा अजून राहिला आहे.