संघटनेची वैद्यकीय तपासणी

न्यायाचे मूळ तत्त्व असे की, ज्याचे दुखते त्यानेच ओरडावे. याच तत्त्वावर आमचे भेदभाव तक्रार कार्यालय उभे आहे. (दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा प्रस्ताव विचाराधीन आहे.)

सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या छोट्या गावात कर्लिंग क्लबला पायऱ्या आहेत आणि ऑर्लीन कोवलचुक यांना चाकाची खुर्ची. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळात, त्यांचा हात धरणारे गावात कोणी नाही. (मलाही त्यांनीच शिकवले.) हल्ली शुक्रवारच्या सामन्याला त्या बाहेर गाडीत बसतात आणि आतला आरडाओरडा ऐकतात.

"मावशी, तुम्हीच तक्रार करा," मी सुचवले.

"वेडा आहेस का, बर्नी? क्लबचा अध्यक्ष माझा दीर. त्यांच्याशी भांडले तर खेळू कुणाबरोबर? तुझ्याबरोबर? तुझा दगड अजून निम्म्यात थांबतो."

म्हणून 'सरळ वाट' या अपंग हक्क संघटनेने तक्रार केली. आता संघटनेला तक्रार करता येते का, यावर आमच्या कार्यालयात दोन मते आहेत. (अधिकारी दोनच आहेत.) संघटनेचे स्वतःचे काही दुखते का, हे पाहणे भाग होते. तिला रीतसर तपासणीला पाठवले. डॉक्टर ग्रीव्ह यांनी कसून तपासले: वजन नाही, नाडी नाही, पाय नाहीत, भूक उत्तम. (वार्षिक सभेतल्या पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या करंज्या, संपताना त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.) पाय नसल्याने जिना चढणे अशक्य. तक्रार मंजूर.

क्लबने निकालाचा मान राखून दाराशी सुरेख उतार बांधला आणि पाटी लावली: फक्त तक्रारदारासाठी. पुढच्या शुक्रवारी मावशी नटूनथटून आल्या, तर पाटीपाशी दीर उभा.

"वहिनी, माझा नाइलाज आहे. निकालात तुमचं नावच नाही."

"बरोबर आहे, भाऊजी," मावशी म्हणाल्या. "संघटना खेळायला आली की तिला सांगा, पहिला दगड जरा हळू सोड."

आणि खुर्ची वळवून त्या गाडीकडे गेल्या. मला फार वाईट वाटले. (कार्यालयीन वेळ संपली होती.)

या निकालाविरुद्ध दाद मागता येते. वाचकहो, तुम्हालाही चीड आली असेल, तर आधी स्वतःचे पाय तपासा. शाबूत आहेत? मग तुमचे काही दुखत नाही आणि तुम्हाला काही करता येत नाही. त्यावर हायसे वाटले असेल, तर तसे कळवण्याची गरज नाही. आम्ही ते सगळ्यांच्याच बाबतीत गृहीत धरतो.