गिळलेला शुक्रवार

ही गोष्ट दोन हजार अकरा सालची. त्या वर्षी सामोआ सरकारने एक अख्खा शुक्रवार गिळला. प्रशांत महासागरातली आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शेजारच्या देशांशी दिवस जुळावेत म्हणून ठरलं, की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लोकांनी गुरुवारी झोपायचं आणि उठायचं ते थेट शनिवारी. बाकी गावाला त्याचं फारसं काही नव्हतं. पण आमची ख्रिस्ती मंडळी शनिवारचा शब्बाथ पाळणारी. त्या दिवशी चूल नाही, कुदळ नाही, धुणं नाही.

आणि मासिनाचं सगळं त्याच शनिवारवर अडलं होतं. त्या जानेवारीत एका शब्बाथला उपोलू बेटावरून होडीने पाहुणे आले, उपाशी. तिने चूल पेटवली. मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, पेनितोआ यांनी निकाल दिला, "वर्षभर एकही शब्बाथ मोडायचा नाही. तोवर प्रभुभोजनाची भाकर नाही, गाणं नाही." गावातला सगळ्यात गोड गळा वर्षभर मागच्या चटईवर गप्प बसून राहिला. आता हा शेवटचा शब्बाथ राहिला होता.

"वडील, तारण कृपेने मिळतं," तरुण पाळक याकोपो त्यांना म्हणायचे. "ती काय कमवायची गोष्ट आहे?"

"कृपा आहेच हो, पाळकसाहेब. पण कृपा म्हणजे काय नीरफणस आहे, झाडाखाली तोंड उघडून पडलं की टपकन यावा?"

पाळकांनी जाहीर केलं, शब्बाथ नेहमीप्रमाणे शनिवारीच. पेनितोआ उसळले. "सरकारने वार गिळला म्हणून देवाने पण गिळायचा? सहा दिवस काम, सातवा विश्रांतीचा. बोटं मोजा! गुरुवारनंतर येणारा दिवस शुक्रवारच. सरकार त्याला शनिवार म्हणो, नाहीतर माझी सासू म्हणो."

"मग मी कोणता पाळू, वडील?" मासिनाने विचारलं.

"खरा असेल तो. चुकलीस, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

मासिना शहाणी. तिने गुरुवारी सूर्य बुडायच्या आत दोन दिवसांचं रांधून ठेवलं. शनिवार-रविवार दोन्ही पाळायचे, म्हणजे वादच नको.

शनिवारी सगळी मंडळी पांढरे कपडे घालून प्रार्थनेला निघाली, तेव्हा पेनितोआ उघड्या अंगाने नारळ सोलत होते.

"अहो, लोक बघतायत!" त्यांची बायको लेउतू म्हणाली.

"बघू देत. आज शुक्रवार आहे. शुक्रवारी काम करणं ही आज्ञाच आहे."

"मग तुमची आज्ञा तुम्हीच शिजवा," म्हणून लेउतू चर्चला गेली.

चाळीस वर्षांत पेनितोआंनी दगडांची भट्टी एकट्याने कधी लावली नव्हती. त्यांनी नारळाची सोडणं घातली दुप्पट, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. ठिणगी उडाली ती स्वयंपाकाच्या झोपडीच्या छपरावर.

मागच्या चटईवर बसल्यामुळे धूर पहिल्यांदा मासिनाला दिसला. ती उठली, पुन्हा बसली. पन्नासावर शब्बाथ तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळले होते, आणि आता बादली उचलायची? मग पेनितोआंची हाक आली, "अरे, कोणी आहे का रे!" मासिना धावली. तिच्यामागे सगळी मंडळी, उपदेश अर्ध्यात टाकून पाळकसुद्धा.

आग विझली. भिंती वाचल्या, छप्पर गेलं, जेवणाचा कोळसा झाला. मंडळी अशी दिसत होती, जणू सगळ्यांनाच भट्टीतून बाहेर काढलंय. मासिना रिकामी बादली धरून रडायला लागली.

"गेलं माझं वर्ष."

सगळे पेनितोआंकडे बघू लागले.

"सांगा ना आता," लेउतू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तिने शब्बाथ मोडला का?"

पेनितोआंनी आपल्या भट्टीकडे पाहिलं. मोडला म्हणावं, तर आज शब्बाथ ठरणार. मग आधी भट्टी कोणी पेटवली?

"आज... शुक्रवार आहे," ते हळूच म्हणाले. "शुक्रवारी पाणी कितीही वाहावं."

मंडळीने असा जल्लोष केला, की पलीकडच्या वाडीतले लोक बाहेर आले.

"पण वर्ष उद्या पूर्ण होईल," पेनितोआंनी बोट वर केलं.

"मग प्रभुभोजनही उद्या," पाळक म्हणाले. "मासिनाशिवाय मेज मांडणार नाही."

रविवारी पेनितोआ शब्बाथ पाळत घरात बसले. घरात शिजवलेलं काही नाही, आणि शिजवू द्यायला ते तयार नाहीत. दुपारपर्यंत त्यांचं पोटच वचनं म्हणू लागलं. तेवढ्यात मासिना टोपली घेऊन आली. अळूचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, सगळं गुरुवारचं, गार.

"हे मला? मी काय केलं म्हणून?"

"काही नाही केलंत. भूक लागली असेल म्हणून आणलं."

पेनितोआंनी टोपली जवळ ओढली. मग खाल्लं, सगळं. हात पुसून म्हणाले, "लेउतू, पाळकांना बोलाव. सूर्य बुडून शब्बाथ संपायची वाट बघायची नाही."

"अहो, पण वर्ष?"

"वर्ष गेलं खड्ड्यात. पोरीला गाऊ दे."

रविवारी गावात धुणं चालत नाही, म्हणून सगळे तेच काळे झालेले पांढरे कपडे घालून आले. पेनितोआंनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा घेऊन स्वतः मागच्या चटईपर्यंत चालत गेले. मासिना गायला उभी राहिली. वर्षभराचं साठलेलं गाणं ते. समुद्रावर होड्या थांबल्या असं लोक अजून सांगतात, आणि मी ते खोडून काढत नाही.

पुढे पाळक याकोपो बदलून राजधानीत, आपियाला गेले. तिथे म्हणे ते उपदेश फार छोटा करतात. मासिनाने गायकवृंद हाती घेतला, अजून तिच्याच हाती आहे. मंडळीत कोणी शनिवार धरला, कोणी रविवार. पेनितोआंनी दोन्ही धरले. लेउतू म्हणायची, "आधी हा माणूस आठवड्यात एकच दिवस काम करत नव्हता." ती त्यांच्या आधी गेली.

शेवटच्या आजारात पेनितोआंना दिवसांचं भान राहिलं नव्हतं. गायला आलेल्या मासिनाला त्यांनी विचारलं, "आज वार कोणता गं?"

"तुम्हाला कोणता हवाय, वडील?"

ते खूप हसले. "कोणताही चालेल," म्हणाले.