हाताचा वास

मोने मास्तर छडी उगारून "हात पुढे कर" म्हणत आणि मारायच्या ऐवजी तळहाताचा वास घेत. म्हसळ्याच्या आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर रोज हा सोहळा चाले. मास्तर कांदासुद्धा न खाणारे, पण "सुके बोंबील. बस खाली," असं अचूक सांगत. हाताला वास नसेल त्याला जेवून यायला घरी पिटाळत. "पोटात भीती भरल्ये, भात जाईल कुठे?" हे त्यांचं निदान. आम्ही त्यांना हुंगेमास्तर म्हणत असू.

मॅट्रिकच्या निकालादिवशी तर ते सकाळपासून शाळेमागच्या विहिरीच्या कठड्यावर छत्री उघडून बसत. "मास्तराला कामधंदा न्हाय," असं पुटपुटत बायका दुसऱ्या विहिरीवर जात.

माझ्या निकालाआधी दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. नापास झालास तर घरात पाऊल टाकू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं, आणि बाबा बोलले तसं करणारे होते. दुपारच्या एस.टी.नं पेपर आला. नंबरांची रांग मी तीनदा वाचली. माझा नंबर नव्हता. पाय घराकडे वळेनात, विहिरीकडे वळले. तिथे कशाला निघालोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती, तरी चालत होतो.

कठड्यावर मास्तर होतेच.

"हात पुढे कर."

त्यांनी वास घेतला आणि ते पांढरेफटक पडले. काही न विचारता पिशवीतून डबा काढला. ताकभात आणि लिंबाचं लोणचं. मी जेवेपर्यंत त्यांनी माझं डावं मनगट सोडलं नाही.

"माझ्या मुलाचा, बंडूचा नंबर पेपरात छापायचा राहिला होता," ते म्हणाले. "पास झाल्याचं कार्ड तीन दिवसांनी आलं. तोवर तो थांबला नाही रे. त्या दिवशी तो न जेवता याच विहिरीवर आला. जेवलास का, एवढंसुद्धा मी विचारलं नव्हतं."

माझं कार्डही पुढे आलं. मी खरोखरच नापास होतो. छापणाऱ्याची काही चूक नव्हती.

पण त्या संध्याकाळी मास्तर मला घेऊन घरी आले. बाबा ओटीवरून उठले. मास्तर मध्ये उभे राहिले.

"मुलगा जेवलाय," ते म्हणाले. "बाकीचं उद्या बोला."

बाबा खाली बसले. मास्तरांनी माझा हात पुन्हा एकदा हुंगला, आणि मग कुठे सकाळपासून उघडलेली छत्री मिटली.