ज्वालामुखी झाला निवांत

"रॉकमध्ये चोरी नसते, छगन. रॉकमध्ये संस्कार असतात!"

सुहासने हे वाक्य गळ्यात गिटार अडकवून, खांद्यावर रुळणारे केस मागे उडवत टाकलं. दिवसा सावेडीत दहावीच्या पोरांना गणित शिकवणारा हा माणूस संध्याकाळी 'ज्वालामुखी' बँडचा प्रमुख असे. तो वरच्या पट्टीत गेला की खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म साथीला यायचे!

"जगातले सगळे मोठे रॉकवाले एकमेकांचं ऐकतात. ऐकून जळतात. आणि जळता जळता काहीतरी नवीन करून बसतात. याला म्हणतात कलावंताची वाटचाल!"

"मंग आपन कुनावर जळायचं, सर?" घोडेगावहून मोटारसायकलवर बेस गिटार वाजवायला येणाऱ्या छगनने विचारलं.

यात विचारायचं काय होतं? 'निवांत' बँडच्या देवश्रीवर! देवश्री दातांची डॉक्टर. गेल्या वर्षी शहरातल्या बँड स्पर्धेत सतरंजीवर बसून, पेटी घेऊन ती इतकं हळुवार गायली की परीक्षकांनी रुमाल काढले. ज्वालामुखीच्या वेळी त्यांनी कापूस काढला होता. यंदा जिंकणाऱ्याला पुण्याच्या महोत्सवात वाजवायला मिळणार होतं, आणि सुहासला ती संधी काही केल्या सोडायची नव्हती.

"तिची तालीम दवाखान्यातच चालते," सुहास म्हणाला. "तू जा. दाढ दुखतेय म्हण आणि ऐकून ये."

छगन गेला तो गाल सुजवूनच परतला.

"सर, तालीम ऐकली. पन दाढ काढली!"

"अरे, खरंच दुखत होती?"

"न्हाई वो! पन त्या खुर्चीत बसल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

"बरं, ते असू दे. गाणं कसं होतं?"

"लई हळू. डोळ्यांतनं नुसतं पानी चाललं हुतं माझ्या!"

ते पाणी गाण्याचं की दाढेचं, हे विचारायचं सुहासला सुचलं नाही. तो पेटून उठला. म्हणजे खरं तर विझून उठला. त्याच दिवशी ज्वालामुखीची वाटचाल सुरू झाली. ड्रम वाजवणाऱ्या नृसिंहच्या हातातून काठ्या काढून घेऊन टाळ देण्यात आले. इलेक्ट्रिक गिटार कपाटावर गेली. आठ वर्षं जपलेले केस सुहासने सलूनमध्ये ठेवले आणि घरी आला, तर त्याची बायको सुनीती दारातच थबकली.

"अय्या! बघायच्या कार्यक्रमाला आलेला मुलगा परत आला की रे!"

स्पर्धेच्या दिवशी पांढरे झब्बे घालून मंडळी मागच्या दाराशी पोचली. दारावरच्या स्वयंसेवकाने त्यांना अदबीने अडवलं.

"काका, भजन स्पर्धा उद्या आहे."

"आम्ही ज्वालामुखी आहोत!" सुहास ओरडला. म्हणजे ओरडणारच होता, पण गळा जपायचा होता म्हणून पुटपुटला.

त्यांचं गाणं झालं. केस झटकायची तयारी करून आलेली कॉलेजची पोरं आधी बावरली, मग बसली, मग मोबाईल बघू लागली. एकाने तर प्रसाद कधी वाटणार म्हणून विचारलं!

मग 'निवांत'चं नाव पुकारलं गेलं आणि मंचावर वीज पडली! काळं जाकीट, मोकळे केस, फाटकी जीन्स अशा अवतारात देवश्री उडी मारूनच आली. तिने जबडा असा उघडला की शेवटच्या रांगेलाही तिच्या अक्कलदाढा दिसल्या. पोरं खुर्च्यांवर चढली. त्यांच्यात शिट्टी मारणारी एक बाई सुहासला ओळखीची वाटली. ती सुनीती होती!

निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, "पहिला क्रमांक 'निवांत'! त्यांनी स्वतःची नवी वाट शोधली. 'ज्वालामुखी'ने मात्र गेल्या वर्षीच्या 'निवांत'ची नक्कल केली."

सुहास तरातरा मंचामागे गेला.

"देवश्री, तू माझं ओरडणं चोरलंस!"

"तुझं?" तिचा आवाज पार बसला होता. "अरे, छगनचं! दाढ उपटताना हा असा ओरडला की मला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं हळू गातोय!"

सगळ्यांनी छगनकडे पाहिलं.

"त्यास्नी लई आवडलं, सर," छगन ओशाळून म्हणाला. "म्हनल्या, परत वरडून दाखवा. मी म्हनलं, ह्यात काय एवढं? आमचं सर रोजच असं गात्यात!"

सुहास छगनकडे वळला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा हात धरला. एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसत उभे होते. चला, निदान एक तरी जाणकार भेटला!

"काय गायलात हो! आतून हललो," गृहस्थ म्हणाले. "येत्या मंगळवारी मोकळे आहात का?"

"आहे की! महोत्सव कुठला?"

"महोत्सव कसला? वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. पाव्हण्यांना गहिवर यायला हवा. तो तुमच्याकडे आहे."

सुहासने छगनकडे पाहिलं, नृसिंहकडे पाहिलं, स्वतःच्या झब्ब्याकडे पाहिलं. तो 'येतो' म्हणायच्या आत देवश्री घोगऱ्या आवाजात मध्ये पडली.

"काका, ही स्टाईल मुळात माझी आहे. मी येऊ?"

गृहस्थांनी तिच्या जाकिटापासून फाटक्या गुडघ्यांपर्यंत सावकाश नजर फिरवली.

"तुम्ही नको, बाई. घास ठेवला की कावळे यायला हवेत, उडून जायला नकोत!"