सातावरचे तात्या

आमच्या बावड्यात तात्यांना कुणी पाण्याचा तांब्या दिला, की ते आधी त्यात कागद बुडवतात. खिशातून पट्ट्यांची डबी काढायची, एक पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा आणि मगच घोट घ्यायचा. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही हेच. मुलीकडची मंडळी श्वास रोखून बसलेली आणि तात्या म्हणाले, "आठाच्या वर हाय. पोरगी पसंत, पण बोअरचं पाणी बदला."

तात्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या आंबट रसात चुना घालून त्याचा पीएच सातावर आणायचा, यात त्यांचा जन्म गेला. सातच्या खाली आंबट, सातच्या वर खार. निवृत्तीनंतर रस सुटला, सात काही सुटला नाही. माणसंही ते त्याच मापानं मोजतात. माझे सासरे पाचाचे, मी साडेआठाचा. आमच्या हंड्यात लिंबाचे थेंब टाकायचा सल्ला त्यांचाच. थेंब किती, ते मी विसरलो आणि आठवडाभर आम्ही आंबट चहा प्यालो. चहा फाटला तो वेगळाच.

मग गल्लीत फिल्टरच्या पाण्याचे जार यायला लागले. तात्यांनी घरोघरी पट्ट्या बुडवल्या. सगळीकडं सात. "बरोबर हाय," एवढंच पुटपुटले आणि यायचे बंद झाले.

सुटलो बुवा, असं मी म्हणालोसुद्धा. पण संध्याकाळी चहाला त्यांचा कप तसाच राहायला लागला. काकी जाऊन दोन वर्षं झालेली, घरी तात्या एकटेच. पाणी तपासायच्या निमित्तानं ते माणसांत बसायचे, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. मला माझीच लाज वाटली.

बायको माझ्यापेक्षा हुशार. तिनं तात्यांना निरोप धाडला, की जारचं पाणी कसंतरीच लागतंय. आणि तांब्यात सढळ हातानं पापडखार ढवळला.

तात्या डबी घेऊन तरातरा आले. पट्टी निळीगार झाली आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मग त्यांनी एक घोट तोंडात घोळवला, मोरीत थुंकला आणि ओट्यावर उघड्या राहिलेल्या डब्याकडं पाहिलं. बायकोनं घाईघाईनं चहाचं आधण ठेवलं.

तात्या पाटावर नीट मांडी घालून बसले. चहाचा कप हातात आल्यावरच बोलले.

"सूनबाई, पापडखार लई झाला. उद्या चिमूटभरच टाका. मी येतो बघायला."