नागोरावांनी दुरुस्त केलेला पत्ता

"पत्ता चुकला तं चुकू दे, सूनबाई! माणूस तं नाई चुकला ना? आदिलाबाद जिल्ह्यात मले सापडणार नाई असा माणूस अजून पैदा व्हायचा हाय!"

नागोरावांनी हे ऐकवून मिशीवरून बोट फिरवलं, तेव्हाच हर्षालीनं पार्सल त्यांच्या हातून काढून घ्यायला हवं होतं. पण ती पडली सून, आणि ते पडले सासरे. त्यातून कौतुक करणारे सासरे! सुनेनं मोबाईलवर कुरडया-चटण्यांचं दुकान उघडलं तेव्हापासून आपल्या किराणा दुकानात साखर बांधता बांधता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, "आमच्या सुनेचं दुकान दिल्लीवरून दिसते!" अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

दुकान दिल्लीवरून दिसत होतं, पण किती दिवस दिसेल याचा भरवसा नव्हता. आधीची दोन पार्सलं पत्त्यापायी फिरून घरी आली होती. एकानं घर नंबराच्या जागी आपलं वय लिहिलं होतं, आणि दुसऱ्या बाईनं पत्त्यात 'आईकडे' एवढंच. कोणाच्या आईकडे? ॲपवाल्यांनी हर्षालीला बजावलं होतं, आता आणखी एक पार्सल फिरलं किंवा एक तक्रार आली, की दुकानाला कुलूप! कुरडयांचा चीक घोटून घोटून जिचे खांदे भरून आले होते, ती आता प्रत्येक पत्ता दोनदोनदा वाचायची.

आणि नेमकी ही ऑर्डर आली. पांडुरंगराव, खताचं दुकान, मावला. कुरडया, झणझणीत जवसाची चटणी आणि लिंबाचं लोणचं. इथवर सगळं ठीक. पिन कोड मात्र मुधोळचा! मावला म्हणजे आदिलाबादला खेटून, आणि मुधोळ पार निर्मलच्या पलीकडे.

हर्षालीनं रीतसर फोन लावला, कोणी उचलला नाही. मग मेसेज टाकला, 'पिन आणि पत्ता जुळत नाही, खरा कोणता ते कळवा.' त्यालाही उत्तर नाही.

"मामाजी, पत्ता आपल्या मनानं बदलायचा नसते. गिऱ्हाइकानं ऑर्डर रद्द करून नव्यानं टाकायची असते. आपण उद्यापर्यंत थांबू."

"थांबता काऊन? पांडुरंगराव माह्या चांगला वळखीचा हाय! खताच्या दुकानात बसून कोणी कुरडया खाते काय? आन त्याची पोरगी चंदा कुठी देली? मुधोळले! लगन होऊन वरीस झालं. आता जोड बरं! लोणचं, चटणी, मुधोळचा पिन..."

भाजी निवडणाऱ्या सासूबाईंचा, गयाबाईंचा हात थांबला. "व माय! चंदाले दिवस गेले?"

"मंग! बाप बिचारा लेकीचे डोहाळे पुरवून राह्यला, आन आपण इथी पिन पाहून राह्यलो!"

हर्षाली पुन्हा फोन लावायला आत गेली. बाहेर येऊन पाहते तर पार्सल नाही आणि मामाजीही नाहीत!

नागोराव थेट आदिलाबादच्या बसस्टँडवर पोचले होते. वस्तू पोचवायची तर बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, ही त्यांची जन्माची रीत. ड्रायव्हर केशवराव ओळखीचेच. त्यांच्या मांडीवर खोकं ठेवून नागोराव म्हणाले, "मुधोळले चंदाच्या सासूच्या, जयवंताबाईच्या घरी द्या. सुनेसाठी हाय, तिच्या बापाकडून. जपून न्या बरं, डोहाळ्याचं सामान हाय. कोणाले सांगू नका!"

केशवरावांनी इमानेइतबारे कोणालाही सांगितलं नाही. फक्त वाटेत इचोड्याला बस चहाला थांबली तेव्हा हॉटेलवाल्या बयनाबाईंच्या कानावर घातलं. कारण बयनाबाई चंदाची सख्खी आत्या, आणि सख्खी आत्या काही 'कोणी' होत नाही!

बयनाबाईंनी उकळता चहा तसाच सोडला. घरात जाऊन नारळ आणला, खण आणला, बत्ताशांचा पुडा आणला. "माही भाची आई होनार!" अशी आरोळी त्यांनी बसच्या खिडकीखाली उभं राहून दिली. मग बसमधल्या बायांना काय राहवतंय? कोणी पिशवीतले पेरू काढले, कोणी गुळाची ढेप. मुधोळला पोचेपर्यंत खोक्याचं गाठोडं झालं, आणि ते उचलायला दोन माणसं लागली.

इकडे चंदा पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज संध्याकाळी ती ग्राउंडवर धावून यायची. जयवंताबाईंनी दार उघडलं तर एकीकडे नारळ-खण घेतलेले केशवराव, आणि दुसरीकडे धापा टाकत, घामाघूम आलेली सून. बाईंची खात्रीच पटली!

"थांब! जागची हलू नको! अशा दिवसात कोनी धावते काय?"

"कसे दिवस, आत्याबाई?" चंदानं सासूला विचारलं.

"लाजू नको वं!"

"मी लाजून नाई राह्यली, मी भरतीची तयारी करून राह्यली!"

कोण ऐकतंय! चंदाला बाजेवर निजवलं, पाठीला दोन उशा लावल्या. धावायचे बूट कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली जयवंताबाईंच्या कमरेला. मग त्यांनी मावल्याला फोन लावून व्याह्यांना धरलं. "आमच्या घरची गोडबातमी आमाले तुमच्या कुरडयांवरून समजावी काय, पांडुरंगराव?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पांडुरंगराव नागोरावांच्या दारात हजर. चेहरा लालबुंद!

"नागोराव! माह्या कुरडया कुठी हायत?"

"तुमच्या? लेकीच्या म्हना की!" नागोराव हसत पुढे झाले. "पेढे आणले काय?"

"कायचे पेढे! अवो, डॉक्टरनं माहं तळलेलं बंद केलं. बायको घरात कढई चढवू देत नाई. म्हून चोरून मागवल्या, दुकानातच तळून खानार होतो! तुमच्या सुनेचा फोन आला तवा बायको समोर उभी, उचलू कसा?"

"आन मुधोळचा पिन?"

"ते ॲप जावयानं टाकून देलं. त्याच्या घरचा पिन तसाच राह्यला!"

म्हणजे डोहाळे लागले होते, पण लेकीला नाही, बापाला! गयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हसू नका वहिनी! बायको बोलत नाई, लेक रडून राह्यली, इहीनबाई रुसली! आता मी तक्रारच टाकतो!" पांडुरंगरावांनी खिशातून मोबाईल काढला.

नागोरावांची मिशी जागच्या जागी उतरली. सुनेच्या दुकानाला कुलूप, आणि तेही आपल्या हातून! त्यांनी काही बोलायच्या आत हर्षाली पुढे आली.

"काका, चूक आमचीच हाय. पैसे पूर्ण वापस करते. पन आधी चंदाताईचे बूट सोडवू."

तिनं मुधोळला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरळ मामाजींच्या तोंडासमोर धरला. उभ्या आयुष्यात कोणापुढं मान न वाकवलेले नागोराव घसा खाकरून म्हणाले, "जयवंताबाई, बातमी माही होती. डोक्यातून काढलेली. पोरीले धावू द्या."

पलीकडून चंदाची किंकाळीच ऐकू आली, आनंदाची. जयवंताबाई मात्र गंभीर. "किल्ली देते वो. पन मले हे सांगा, या कुरडया कोनं केल्या? गल्लीतल्या बाया ओटी भराले आल्या तवा तळल्या. एक नाई उरली! साऱ्याजनी पत्ता इचारून राह्यल्या!"

हर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पांडुरंगरावांनी मोबाईल हळूच खाली घेतला. "एक बी नाई उरली?" त्यांनी इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं, की त्यांच्यावर कोणाला रागावताच येईना.

हर्षालीनं त्यांना शेजारी बसवून जुनी ऑर्डर रद्द करवली, नवी टाकायला लावली, पिन आकडा आकडा करून तपासला. कुरडयांच्या जागी भाजून खायचे ज्वारीचे पापड! तक्रारीच्या जागी पांडुरंगरावांनी पाच चांदण्या दिल्या, आणि पोरगी हुशार आहे असंही लिहिलं. त्या दिवशी गयाबाईंनी सुनेची दृष्ट काढली.

आठवड्याभरात मुधोळहून ऑर्डरींची रांग लागली. पत्ते असे चोख की घराच्या दाराचा रंगसुद्धा लिहिलेला! नागोराव चष्मा लावून शेजारी आले. हर्षालीनं पटकन मोबाईल पदराखाली घेतला, पण त्यांनी मागितला तर द्यावाच लागला. प्रत्येक ऑर्डरीखाली सूचना होती: 'पत्ता बरोबर आहे. कृपया नागोरावांना दाखवू नये.'

नागोरावांनी एक वाचली, दुसरी वाचली, सगळ्या वाचल्या. मग त्यांची छाती हळूहळू फुगली आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"गया! इकडे ये लवकर! आख्खं मुधोळ आपल्याले नावानं वळखते!"